पातळ पट्टी रंध्याखाली टिकत नाही, काय करू?

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात. फळी रंधता येते, चौकट रंधता येते, पण पट्टी ३ मिमीच्या आसपास गेली की ती वाकते, उडते, मोडते. डबे करणारे, फोटोफ्रेमवाले, जहाजांची मॉडेल्स करणारे, सगळ्यांचं दुखणं हेच. म्हणून यावेळी सगळी जागा पातळ पट्ट्यांना.

प्रश्न: काका, मी घरी छोटे लाकडी डबे बनवतो. फर्निचरच्या कामातून उरलेल्या सागाच्या बीडिंग पट्ट्या भरपूर पडल्यात, त्या ६ मिमी जाड आहेत आणि मला ३ मिमी करायच्यात. टेबलावर पुढे एक ठोकळा ठोकलाय, पट्टी त्याला टेकवायची आणि रंधा मारायचा. सुरुवातीचे हात छान जातात, नंतर पट्टी मधूनच वर उचलते, रंधा अडकतो आणि कडकन तुकडा. धार लावली तरी तेच. नवीन रंधा घेऊ का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर: रंधा ठेवा, ठोकळा काढा. तुमच्या पत्रातली सगळी गडबड त्या पुढच्या ठोकळ्यात आहे, आणि मला वाटतं पातळ पट्टीच्या बाबतीत शंभरातल्या नव्वद जणांची तिथेच असते, कारण जाड फळी आपण तशीच रंधतो आणि तिथे ते बरोबरही असतं.

बघा काय होतं. रंधा पुढे जाताना नुसतं सालपट काढत नाही, तो पट्टीलाही पुढे रेटत असतो. पुढे ठोकळा असला की पट्टी दोन्हीकडून दाबली जाते. जाड असते तोवर ती हा दाब सहन करते, पण पातळ झाली की ती कमान धरते आणि कमानीचा वरचा भाग थेट पात्याच्या तोंडात जातो, म्हणजे तुम्ही घेत होतात पाव मिमीपेक्षाही कमी आणि पातं अचानक एक मिमी खोल घुसतं. मोडणारच. आणि हे हळूहळू वाढत नाही, कारण जाडी निम्मी झाली की पट्टीचा ताठपणा निम्मा होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतो. ६ मिमीला मजबूत वाटणारी तीच पट्टी ३ ला एकदम लेचीपेची लागते ती यामुळे.

आता उलटं करा. पट्टी पुढून अडवू नका, मागून धरा. मागचं टोक घट्ट असलं की रंधा पुढे जाताना पट्टी ताणली जाते आणि ताणलेली पट्टी आपोआप टेबलाला चिकटून सपाट राहते, दोरा ढकलून सरळ होत नाही पण ओढला की होतो, तसंच आहे हे.

मागचं टोक धरायचं कसं हा खरा प्रश्न, कारण तिथे सी-क्लॅम्प लावला तर रंध्याची शेपटी त्याच्यावर आपटते. ९ इंची रंध्यात पात्याच्या मागे बराच मोठा भाग असतो, तो पट्टीच्या त्या टोकावरूनच सरकणार. म्हणून तिथे वर आलेलं काहीही चालत नाही. मी असं करतो: पट्टी हव्या त्या मापापेक्षा चार-पाच बोटं लांब ठेवतो, त्या जादा भागाखाली चांगला डबल टेप लावून दाबतो आणि कट तिथून जरा पुढून सुरू करतो. तो मागचा तुकडा शेवटी कापून टाकायचाच आहे. टेप सुटत असेल तर बारीक खिळा मारा पण डोकं पंचने पार आत बसवा, आणि पातं त्या खिळ्याच्या मागे कधीही टेकवायचं नाही हे पक्कं लक्षात ठेवा, नाहीतर धारेला खाच पडेल आणि ती घालवायला अर्धा तास घासत बसावं लागेल.

अजून दोन गोष्टी. पट्टीखालचा पाट सपाट हवा. जाड फळीला पाट वाकडा असला तरी निभावतं, २-३ मिमीच्या पट्टीचं तसं नाही, पाटात अर्धा मिमी खड्डा असला तरी पट्टी रंध्याच्या वजनाने खड्ड्यात दबते, तिथे पातं लागतच नाही आणि बाजूला मात्र ती पातळ होत जाते. साध्या प्लायवर विसंबू नका. ग्रॅनाईट कापणाऱ्याकडे ओट्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात, दोन फुटाचा एक मिळाला तर उत्तम, पॉलिशची बाजू वर करून टेबलावर ठेवा. त्यात खिळा जाणार नाही, तिथे टेपच लावायचा. आणि रंध्याच्या तळाला साधी मेणबत्ती घासा, दोन-चार आडव्यातिडव्या रेघा पुरे. रंधा इतका हलका सरकायला लागतो की पट्टीवरचा रेटा तुम्हाला हातालाच कमी झालेला कळेल. लोक महागडं पातं आणतात आणि मेण लावत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

प्रश्न: मी रत्नागिरीचा, नोकरीतून रिटायर झाल्यावर मराठा आरमारातल्या गलबताचं मॉडेल करायला घेतलंय. सांगाड्यावर ठोकायला ५ मिमी रुंद आणि १ मिमी जाड अशा फळ्या हव्यात, शंभरेक तरी लागतील. जाडी सगळीकडे सारखी आली पाहिजे नाहीतर बाजूची फळी उंचसखल दिसते. रंध्याने १ मिमी जमतं का? आणि लाकूड सागच घेऊ ना, कारण खरी जहाजं सागाचीच असायची.

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, करा, मनापासून करा. आधी लाकडाचं बोलतो. खऱ्या जहाजाला साग, बरोबर. पण सागाची छिद्रं मोठी आणि वाढीच्या वर्षाच्या कडेला ओळीने असतात, ती लाकडाबरोबर लहान होत नाहीत, त्यामुळे ५ मिमीच्या फळीवर ती नुसत्या डोळ्याला मोठाल्या चरांसारखी दिसतात आणि मॉडेलचं प्रमाणच बिघडतं. हेदू बघा, काहीजण त्याला हळदू म्हणतात, पिवळसर आणि फार बारीक पोताचा असतो. किंवा शिवण, हलकी, हाताला मऊ आणि हवेने फारशी न हलणारी. वखारीत विचारा, जुन्या मापाचे तुकडे कोपऱ्यात असतात. रंग शेवटी सागासारखा देता येतो, पोत देता येत नाही.

आता १ मिमी. जमतं, पण तुम्हाला रंधा फिरवायचा नाहीये, पट्टी फिरवायचीय. म्हणजे रंधा जागेवर आणि पट्टी त्याच्या खालून ओढायची. लहान ब्लॉक प्लेन, म्हणजे एका हातात मावणारा रंधा घ्या, त्याच्या तळाशी दोन्ही कडांना, पात्याच्या बाहेर, सनमायकाच्या अरुंद चिपा डबल टेपने लावा. साधा सनमायका १ मिमीच्या आसपास असतो पण व्हर्नियरने, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या पट्टीने मोजा, आणि टेपची जाडीही त्यात येते हे विसरू नका. मग काय होतं, पातं पाटापासून त्या चिपांच्या उंचीवर थांबतं, पट्टी तेवढी झाली की पुढे सालपट निघणंच बंद. पातं तळाच्या बाहेर जेवढं काढाल तेवढी पट्टी चिपांपेक्षा पातळ होईल, तेव्हा अगदी केसभर काढा.

रंधा पाटावर ठेवून त्याला पुढे-मागे-बाजूला छोटे ठोकळे लावून अडकवा, पुढे आणि मागे दोन्हीकडे मधे पट्टी जाण्यापुरती फट ठेवून. डावा हात रंध्यावर दाबून. पट्टी रंध्याच्या मागच्या बाजूने बाहेर ओढायची, पुढच्या नाही, हे पहिल्यांदा करताना उलट वाटतं पण विचार केला की पटतं, कारण एरवी रंधा पट्टीवरून पुढे जातो म्हणजे रंधा थांबवला तर पट्टी मागेच जायला हवी. पुन्हा तेच, वर नाशिकच्या वाचकांना सांगितलं तेच, पट्टी ताणात आहे, दाबात नाही. रंधा उचलायचा, पट्टी खाली सरकवायची, पात्यापासून रंध्याच्या शेपटीपर्यंत जेवढं अंतर तेवढी आणि वर चार बोटं पकडायला बाहेर ठेवायची, रंधा टेकवायचा आणि एका दमात, न थांबता ओढायची. मधे थांबलात तर तिथे आडवी रेघ उमटते. टोकाचा न रंधलेला भाग वाया जातो, लांबीत तेवढी तरतूद आधीच करा. दोन-तीन ओढीत पट्टी मापात येते.

फळ्या कापायची पद्धतही सांगतो म्हणजे शंभरचं काम आवाक्यात येईल. एक फळी आधी ५ मिमी जाडीची रंधून घ्या, ती जाडी हीच तुमच्या पट्टीची रुंदी. मग तिची कड रंध्याने गुळगुळीत करा, त्या कडेवरून दीड-दोन मिमीची चीर करवतीने काढा, पुन्हा कड रंधा, पुन्हा चीर. अशा प्रत्येक पट्टीची एक बाजू आधीच रंधलेली मिळते, रंध्याखालून ओढायची फक्त करवतीची बाजू. शेवटी आठ-दहा पट्ट्या एकत्र उभ्या धरून, दोन बाजूंनी जाड लाकूड लावून क्लॅम्प करा आणि कडेवर एक-दोन हलके हात मारा, सगळ्यांची रुंदी एकदम सारखी.

१ मिमीच्या खाली जायचं असेल तर मात्र रंधा सोडा आणि स्टीलचा स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायचा पातळ पत्रा, एका ठोकळ्याला उभा बांधून त्याच्याखालून पट्टी ओढा. वाद्यं बनवणारे कडेच्या पट्ट्या अशाच एकसारख्या करतात. वेळ जास्त लागतो पण तिथे काही फाटत नाही.

प्रश्न: दादा, माझ्या पट्ट्या मोडत नाहीत पण पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा होतो, मधे मधे बारीक खड्डे. एका बाजूने रंधलं की गुळगुळीत आणि थोडं पुढे गेलं की खडबडीत. दोन मिमीत खड्डा पडला की तो काढता काढता पट्टीच संपते. (सातारा)

उत्तर: ही उलट्या रेषेची तक्रार आहे आणि पातळ पट्टीत ती जास्त छळते, तू म्हणतोस तसं खड्डा काढायला खाली लाकूडच उरत नाही.

पट्टी हातात घे आणि वरून न बघता कडेने बघ. कडेवर रेषा तिरप्या दिसतील. रंधा ज्या दिशेने जाणार त्या दिशेने रेषा वर चढत असतील तर पातं त्यांच्यावरून सरकतं आणि सालपट सुटतं. रेषा खाली उतरत असतील तर पातं त्यांच्या फटीत शिरतं, लाकूड चिरत पुढे जातं आणि खड्डा पडतो. पेन्सिलने कडेवर बाण काढून ठेव, प्रत्येक पट्टीवर, कारण दहा पट्ट्या टेबलावर आल्या की कुठली कशी ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तुझ्या पट्टीत रेषा मधेच दिशा बदलतेय म्हणून अर्धी चांगली अर्धी खराब. तिथे कॅप आयर्न कामाला येतं, पात्यावर स्क्रूने बसवलेली ती दुसरी लोखंडी पट्टी. बहुतेक जण ती धारेपासून दीड-दोन मिमी मागे ठेवतात आणि विसरून जातात. ती धारेच्या अगदी जवळ आण, पाव मिमी किंवा त्याहून कमी, उजेडात धरलं की धारेची नुसती एक चमकती रेघ दिसली पाहिजे. सालपट निघतानाच तिच्यावर आपटून वाकतं, त्यामुळे पुढचं लाकूड उपटायच्या आधीच तुटतं. जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि काटो या दोघा प्राध्यापकांनी हे अगदी जवळून, मोठं करून चित्रित केलंय, कॅप आयर्न धारेपासून लांब असताना लाकूड आतून कसं फाटत जातं आणि जवळ आणल्यावर ते कसं थांबतं हे डोळ्यांना दिसतं. फक्त कॅप आयर्नचं टोक पात्यावर नीट टेकलेलं हवं, फट राहिली तर सालपट आत घुसून रंध्याचं तोंड बुजतं.

आणि धार. धार लावलीय असं सगळेच म्हणतात. तपासायची सोपी रीत सांगतो: पाइनच्या तुकड्याचं आडवं टोक, जिथे रेषा उभ्या संपतात, ते पात्याने हाताने कापून बघ. मऊ लाकडाचं टोक बोथट पात्याने चुरगळतं, धारदार पात्याने मेणासारखं चकचकीत निघतं. चकचकीत नसेल तर पुन्हा दगडावर. दगड नसेल तर जाड काचेवर पाणीपेपर, ४०० मग १००० मग २०००, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवं कंपाउंड. सागावर काम करत असशील तर हे फार वेळा करावं लागेल, सागात सिलिका असते आणि ती धार पटापट खाते, यात तुझा दोष काही नाही. पातं मधे फुगीर घासलेलं असेल तर पातळ पट्टीसाठी ते सरळ करून घे.

प्रश्न: ओळखीच्या वर्कशॉपमध्ये फळी एकसारख्या जाडीची करणारं थिकनेसर मशीन आहे, त्यातून २ मिमीच्या पट्ट्या काढता येतील का? नाहीतर माझ्याकडे ८२ मिमीचा इलेक्ट्रिक हँड प्लेनर आहे, तो उलटा करून स्टँडला बांधला तर? (पिंपरी)

उत्तर: दुसऱ्याचं आधी: नाही. त्या प्लेनरचा ड्रम मिनिटाला १६,००० च्या आसपास फेरे घेतो, उलटा बांधला की पट्टी वरून हाताने दाबायची आणि २ मिमीची पट्टी फुटली की त्याच क्षणी बोटं ड्रमवर. पट्टी फुटते तेव्हा इशारा देऊन फुटत नाही. कृपा करून करू नका. तसंच मार्बल कटर प्लायखाली उलटा लावून त्यावर पातळ पट्ट्या चिरणं, गार्ड नाही, चीर उघडी ठेवणारा पात्यामागचा फाळ नाही, हेही करू नका, कितीही व्हिडिओ दिसले तरी.

थिकनेसरमध्ये नुसती पट्टी घालाल तर रोलर तिला दाबतात, पातं तिला वर खेचतं आणि आतल्या आत तिचा चुरा होतो. बऱ्याच मशीनची खालची मर्यादा ३ मिमीच्या आसपास असते ती उगीच नाही. पण पट्टीखाली १८ मिमीचा सपाट एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड) ठेवून मशीनला वाटू दिलं की जाडी २० आहे, तर काम होतं. पट्टी एमडीएफला पूर्ण लांबीभर चिकटलेली हवी, नुसती टोकं चिकटवून चालत नाही. डबल टेपने चिकटवली तर काढताना पातळ पट्टी मोडते, म्हणून दोन्हीकडे साधा मास्किंग टेप लावा आणि दोन टेपच्या मधे फेवीक्विकचे थेंब. सुटायला सोपं, हेअर ड्रायरने जरा गरम केलं की अजून सोपं. एका वेळी अगदी थोडं, पाव मिमीपेक्षा जास्त घेऊच नका. सुरुवातीला आणि शेवटी मशीन थोडं खोल कापतं, म्हणून पट्टीच्या पुढेमागे त्याच जाडीचे वाया जाणारे तुकडे चिकटवा. मशीनच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. ज्यांचं मशीन आहे त्यांना आधी सांगा काय घालताय ते. आणि मास्क लावा. लाकडाची धूळ कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच सांगितलंय, नाकाच्या आतल्या भागाला विशेष धोका. रंध्याने सालपटं निघतात, हवेत उडणारी धूळ जवळजवळ नाही, हातरंध्याच्या बाजूने बोलायला मला हे एक कारणच पुरेसं वाटतं.

प्रश्न: शाळेत सहावी-सातवीच्या मुलांकडून आइस्क्रीमच्या काड्या आणि पट्ट्यांची छोटी घरं करून घेते. मुलांच्या हातात रंधा द्यायचा नाहीये. पट्ट्या सारख्या कशा करू? (कोल्हापूर)

उत्तर: ताई, सपाट फरशीच्या तुकड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि मुलांना पट्टी त्यावर घासू द्या, पट्टीच्या पाठीवर लाकडाचा ठोकळा टेपने लावून, म्हणजे बोटं कागदापासून दूर राहतील. पुढेमागे न घासता एकाच दिशेने ओढायला सांगा, टोकं गोल होत नाहीत. जमलं तर वर्गात एक व्हर्नियर ठेवा. स्वतः केलेल्या पट्टीची जाडी मोजायला मुलांना फार आवडतं, आणि दशांश चिन्ह तिथे जसं कळतं तसं फळ्यावर कळत नाही.

प्रश्न: रात्री सरळ ठेवलेल्या पट्ट्या सकाळी केळ्याच्या सालीसारख्या वाकलेल्या. पावसाळ्यात तर हमखास. लाकूड खराब आहे का? (सावंतवाडी)

उत्तर: लाकूड खराब नाही, तुम्ही रंधलेली बाजू वर आणि दुसरी टेबलाला चिकटवून ठेवलीत असं दिसतंय. जाड फळी आतून वेगळी ओलसर असते आणि बाहेरून वेगळी. एकाच बाजूने रंधून ३ मिमीवर आणली की आतला भाग उघडा पडतो, त्या बाजूने तो हवेतलं पाणी घेतो किंवा सोडतो, दुसरी बाजू टेबलाने बंद, मग वाकणारच. दोन्ही बाजूंनी सारखं सारखं रंधा. शेवटच्या मापाला एका दिवसात पोचू नका, अर्धा-एक मिमी राखून ठेवा, पट्ट्यांच्या मधे बारीक काड्या घालून चळत रचा, वर फरशीचं वजन, आणि दोन-चार दिवसांनी उरलेलं काढा. काड्या एकाखाली एक याव्यात, नाहीतर वजनानेच पट्ट्यांना पोक येतं.

लाकूड निवडतानाही एक बघा. पट्टीच्या टोकावर वाढीच्या रेषा पट्टीच्या रुंद बाजूला काटकोनात उभ्या दिसत असतील तर ती पट्टी कमी हलते, आडव्या किंवा कमानदार दिसत असतील तर जास्त, कारण लाकूड वाढीच्या रेषेच्या बाजूने जवळपास दुप्पट आकसतं. कोकणात तर मी आडव्या रेषेच्या पट्ट्या पावसाळ्यात कामालाच घेणार नाही, त्या उन्हाळ्यासाठी बाजूला ठेवा. आणि पॉलिश मारताना दोन्ही बाजूंना मारा, डब्याच्या आतली बाजू दिसत नाही म्हणून सोडू नका, झाकण वाकतं ते तिथूनच.

ज्या पट्ट्या आत्ता वाकल्यात त्या फेकू नका. बाक खाली करून, म्हणजे टोकं टेबलाला आणि फुगवटा वर असा ठेवून, खाली काड्या घालून एक रात्र तशाच राहू द्या, बऱ्याचशा परत येतात. ज्या येणार नाहीत त्या मधे कापून छोट्या कामाला वापरा, लहान लांबीत तेवढा बाक जाणवत नाही.